चौथऱ्यात राहिलेला तुकडा

आमच्या गावचा केशव वीस वर्षे गावाबाहेर होता. त्यांतील पहिली आठ वर्षे तो कोठे होता हे कोणालाच ठाऊक नाही, त्यानंतर काही वर्षे तो पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत होता आणि अखेरची वर्षे एका शासकीय संग्रहालयाच्या दालनात, पांढऱ्या दिव्याखाली उभा होता. २०२३ साली अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात तो परत आला. देवस्थानाचा सचिव या नात्याने परत आणण्याचे सगळे कामकाज माझ्या हातून गेले, आणि अलीकडे इतर गावांतील मंडळी त्याविषयी विचारू लागल्यामुळे जे घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे. सुरक्षिततेच्या कारणास्तव गावाचे नाव लिहीत नाही. संग्रहालयाचे नाव लिहीत नाही ते मात्र वेगळ्या कारणाने: तेथील लोकांनी आमची मूर्ती जपली, आणि त्यांच्याशी झालेले मतभेद त्यांच्या नावावर चिकटून राहावेत असे मला वाटत नाही.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीपासून थोडे आत आहे. राऊळ कौलारू, गाभारा जांभ्याचा आणि आत साडेतीन फुटांची काळ्या, गुळगुळीत दगडाची चतुर्भुज मूर्ती. कोकणात शिलाहारांच्या काळातील अशा विष्णुमूर्ती गावोगावी आहेत, आणि त्या अनेक ठिकाणी साध्या कडीकोयंड्याच्या भरवशावर उभ्या आहेत. २००३ च्या आषाढात, वीज गेलेली असताना आणि पाऊस धो धो कोसळत असताना, चोरांनी पहार घालून मूर्ती पीठातून उचकटली. सकाळी गुरवकाका पूजेला गेले तेव्हा दार उघडे होते आणि पीठ रिकामे होते. रिकामे म्हणतो खरे, पण पीठाच्या खाचेत मूर्तीच्या तळाचा मूठभर काळा तुकडा घट्ट अडकून राहिला होता. मूर्ती ओढताना ती तळाशी, पावलांच्या चार बोटे खाली, तुटली होती.

फिर्याद नोंदवली गेली, पंचनामा झाला. पंचनाम्यात 'काळ्या दगडाची देवाची मूर्ती, उंची अंदाजे तीन फूट' एवढेच वर्णन आले, कारण आम्ही तेवढेच सांगितले होते. रोज ज्याच्या पायांवर डोके ठेवायचे, त्याचे वर्णन करण्याची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती. तपास पुढे सरकला नाही आणि वर्षभराने 'अ' समरी मंजूर झाली, म्हणजे गुन्हा खरा परंतु आरोपी मिळाले नाहीत. २००५ मध्ये गावाने नवी मूर्ती घडवून तिची प्राणप्रतिष्ठा केली. त्या वेळी जुने पीठ तुकड्यासकट समुद्रात विसर्जित करावे असे बहुतेकांचे मत होते. गुरवकाका एकटे अडून बसले. "देव परत आला तर उभा कुठं राहील?" एवढेच ते म्हणत राहिले, आणि त्यांच्या वयाचा मान राखून ते पीठ सभामंडपाच्या कोपऱ्यात ठेवण्यात आले. तेथे ते पुढची अठरा वर्षे पडून होते. मुले त्यावर दप्तरे ठेवत.

डिसेंबर २०१७ मध्ये आमच्या गावची, शिक्षणासाठी बाहेर राहणारी एक मुलगी मैत्रिणींबरोबर ते संग्रहालय पाहायला गेली. तिचा जन्म चोरीच्या आधीचा असला तरी मूर्ती तिला आठवत असण्याचे कारण नव्हते. पण तिने आजोबांच्या तोंडून केशवाचे वर्णन इतक्या वेळा ऐकले होते की एका मूर्तीपुढे ती थबकली आणि फोटो काढून तिने तो गावी पाठवला. मूर्तीखालच्या पाटीवर लिहिले होते: 'विष्णू. काळा पाषाण. इ. स. ११ वे-१२ वे शतक. प्राप्तिस्थान अज्ञात.' ही माहिती खोटी नव्हती. पण 'अज्ञात' हा शब्द वाचून मला जे वाटले ते अजून नीट सांगता येत नाही. ज्या गावात त्याच्या नावाने मुलांची नावे ठेवली जातात, ते गाव अज्ञात ठरले होते.

गुरवकाकांनी फोन हातात घेतला, बोटांनी चित्र मोठे केले आणि चेहऱ्याकडे न पाहता सरळ हातांकडे पाहिले. "खालच्या उजव्या हातात कमळ, वर शंख, मग पलीकडे चक्र, खाली गदा. केशव आहे." संध्येतील चोवीस नावे आपण एका दमात म्हणतो; त्या चोवीस नावांच्या चोवीस मूर्ती असतात आणि त्यांच्यातील भेद केवळ चार हातांतील आयुधांच्या क्रमावर ठरतो, हे मला त्या दिवशी कळले. खालच्या उजव्या हातापासून प्रदक्षिणेच्या दिशेने पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. आमच्या गावाने त्याला शेकडो वर्षे केशव म्हटले होते ते उगाच नव्हते.

एवढ्यावर देव परत मिळत नाही, हे मात्र लगेच लक्षात आले. मी भूमी अभिलेख खात्यात भूमापक म्हणून चौतीस वर्षे नोकरी केली आहे. हद्दीच्या वादात 'हा बांध आमचाच' असे छातीठोकपणे सांगणारे शेतकरी मी शेकड्यांनी पाहिले आणि प्रत्येकाला नकाशा मागितला. आता नकाशा मागितला जाणारा पक्ष आम्ही होतो. केशव असलेल्या मूर्ती कोकणात कितीतरी आहेत. ही आमचीच, हे कशावरून?

पहिला शोध फोटोंचा झाला. गावातील आणि मुंबईकरांच्या घरांतील जुने अल्बम उघडले गेले. लग्नाचे, मुंजीचे, सप्ताहाचे मिळून एकेचाळीस फोटो जमले, आणि त्यांतील एकाही फोटोत मूर्ती दिसत नव्हती. देवाला अंगरखा होता, शेला होता, गळ्यात हारांचे थर होते, मस्तकावर चांदीचा टोप होता. उघडा होता तो फक्त चेहरा आणि तोही समईच्या उजेडात पिवळसर, पुसट. देवाचा वस्त्राविना फोटो काढू नये ही आमच्याकडील रीत आहे आणि तिच्यामागची भावना मला आजही मान्य आहे, परंतु तिची किंमत काय असते हे मी त्या एकेचाळीस फोटोंपुढे बसून पाहिले.

या काळात मी इतरांच्या कथा वाचू लागलो. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५६ पासून दक्षिणेतील देवळांचे फोटो काढून ठेवले आहेत, त्यांची संख्या लाखाच्या वर आहे. तामिळनाडूतील श्रीपुरंतानचा चोरीला गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात सापडला तेव्हा या संग्रहातील फोटोंनी तो कोणाचा हे दाखवून दिले, आणि २०१४ मध्ये तो भारताला परत मिळाला. आमच्यासाठी तसे कोणी काही करून ठेवलेले नव्हते. पण त्याच वाचनात मला पथूरच्या नटराजाचा खटला सापडला, आणि आमचे काम खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाले.

तंजावर भागातील पथूर या गावी, पडक्या शिवालयाजवळ, १९७६ मध्ये एका मजुराला जमिनीत पुरलेला कांस्य नटराज सापडला. तो हातोहात विकला जाऊन परदेशी गेला, १९८२ मध्ये कॅनडाच्या एका कंपनीने तो विकत घेतला आणि पुढे लंडनमध्ये पोलिसांनी तो जप्त केला. मग तेथील न्यायालयात प्रश्न उभा राहिला की हा नटराज पथूरचाच कशावरून. दावा मांडणाऱ्यांमध्ये त्या देवळातील शिवलिंगही होते. भारतीय कायद्याने देव ही व्यक्ती आहे, तिला मालमत्ता धारण करता येते आणि न्याय मागता येतो, हे इंग्लंडच्या न्यायालयासमोर मांडले गेले. पुराव्यात डॉ. आर. नागस्वामी यांच्यासारख्या शिल्पतज्ज्ञांची साक्ष होती, धातूची तपासणी होती, मूर्तीला चिकटलेल्या मातीची तुलना होती आणि मूर्तीवर उमटलेल्या वाळवीच्या वाटांचाही विचार झाला. १९८८ मध्ये निकाल भारताच्या बाजूने लागला, १९९१ मध्ये अपिलातही तो कायम राहिला आणि नटराज मायदेशी आला. वाळवीच्या वाटा वाचताना मी थांबलो. ज्या गोष्टीकडे गावात कोणी ढुंकूनही पाहणार नाही ती साक्ष देऊ शकते. उठून राऊळात गेलो, कोपऱ्यातील पीठावरची दप्तरे बाजूला केली आणि विजेरीच्या उजेडात तो काळा तुकडा पहिल्यांदा नीट पाहिला. त्याच्या तुटलेल्या पृष्ठभागावर डावीकडून उजवीकडे, किंचित चढत जाणारी एक पांढरी शीर होती.

पुराव्याचा मार्ग दिसला, पण अर्ज करायचा कोणी, हा प्रश्न अधिक कठीण निघाला. आमचे देवस्थान १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले होते, परंतु नोंदवहीत जे विश्वस्त होते त्यांच्यापैकी दोघे वारले होते, एक वृद्धापकाळाने अंथरुणाला खिळले होते आणि आम्ही जे प्रत्यक्ष कारभार पाहत होतो त्यांची नावे कोठेच नव्हती. १९९८ पासून एकही फेरफार अर्ज दाखल झालेला नव्हता. यात कोणत्याही कार्यालयाचा दोष नाही, तो पूर्णपणे आमचा आहे. 'गावचा देव, गावचा कारभार, कागद कशाला' या समजुतीने आम्ही वीस वर्षे काढली होती. मृत्यूचे दाखले, सभेची इतिवृत्ते, हिशेबपत्रके असे सगळे नव्याने गोळा करून फेरफार मंजूर होईपर्यंत २०१९ ची दिवाळी आली. त्या धडपडीत एक लाभ झाला. देवस्थानाच्या नोंदणीच्या परिशिष्टाची नक्कल काढली तेव्हा जंगम मालमत्तेच्या यादीत समया, घंटा, पालखी यांच्या आधी, पहिल्याच ओळीत, 'श्री देव केशव, पाषाणमूर्ती, पीठासह' अशी १९५३ सालची नोंद निघाली. 'पीठासह' हा शब्द ज्या कारकुनाने लिहिला त्याचे नाव मला माहीत नाही, पण त्याचे आमच्यावर मोठे उपकार आहेत.

वकिलांनी दरम्यान मूळ खटल्याची कागदपत्रे मिळवली. २०११ मध्ये राज्याच्या दुसऱ्या भागात पोलिसांनी एका गोदामावर छापा घातला, तेथे अनेक मूर्ती मिळाल्या, आरोपींवर खटला चालला आणि ज्या मूर्तींवर कोणी हक्क सांगितला नाही त्या न्यायालयाच्या आदेशाने संग्रहालयाकडे गेल्या. आदेशाची भाषा वकिलांनी मला मोठ्याने वाचून दाखवली: मूर्ती 'हक्कदार पुढे येईपर्यंत जतनासाठी' दिल्या होत्या. मालकी दिली नव्हती. आमचा सगळा अर्ज या चार शब्दांवर उभा राहिला. सोबत त्यांनी १९२५ चा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे त्या काळच्या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाचा, एक निवाडा जोडला. कलकत्त्याच्या मलिक घराण्यात देवाची मूर्ती कोठे ठेवावी यावरून वाद झाला होता, त्यात कौन्सिलने असे म्हटले की देव ही कायद्याने व्यक्ती असल्यामुळे त्याने कोठे राहावे याबाबत त्याच्या स्वतःच्या इच्छेचाही आदर केला पाहिजे आणि ती इच्छा मांडण्यासाठी त्याच्या वतीने निःस्वार्थी माणूस उभा केला पाहिजे. मला हे वाचून नवल वाटले नाही. आमच्याकडे कौल लावतात तेव्हा हेच करतात.

अर्ज दाखल झाला आणि करोनाची टाळेबंदी आली. दीड वर्ष सुनावणी जवळजवळ झालीच नाही. त्याच काळात अन्नपूर्णेची बातमी वाचली. काशीच्या घाटावरून १९१३ मध्ये उचलून नेलेली तळहाताएवढी मूर्ती कॅनडातील रेजायना येथील मॅकेन्झी आर्ट गॅलरीत होती. तिच्यावरही विष्णू अशीच नोंद होती. दिव्या मेहरा या कलावतीने २०१९ मध्ये त्या संग्रहाचा अभ्यास करताना ही मूर्ती स्त्रीची आहे आणि ती चोरून आणलेली आहे हे निदर्शनास आणले. मग जाणकारांनी एका हातातील खिरीचे पात्र आणि दुसऱ्या हातातील पळी पाहून अन्नपूर्णा ओळखली. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथाच्या आवारात तिची पुन्हा स्थापना झाली. हातात काय आहे हे नीट पाहणारे कोणी तरी लागते. गुरवकाकांना मी ती बातमी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. त्यांना त्यात सांगण्यासारखे विशेष काही वाटले नसावे.

संग्रहालयाच्या अभिरक्षक बाई आमच्याशी पहिल्यापासून सौजन्याने वागल्या, परंतु त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "काका, मूर्ती तुमची आहे असं सिद्ध झालं तरी ती तिथं राहणार कशी? एकदा गेली, पुन्हा जाईल. आणि रोज दही, दूध, लिंबू, तेल लागलं तर शंभर वर्षांत चेहरा राहणार नाही." त्यांनी मला तळघरात नेऊन अभिषेकाने झिजलेल्या, नाकडोळे पुसले गेलेल्या मूर्ती दाखवल्या. ही बाजू मी तोपर्यंत गंभीरपणे विचारात घेतली नव्हती. त्यांनी लोखारीचेही उदाहरण दिले. उत्तर प्रदेशातील लोखारी गावच्या योगिनी चोरीला गेल्या होत्या. त्यांतील वृषानना पॅरिसहून २०१३ मध्ये परत आली ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवली गेली. (अजमुखी योगिनी आमच्या या बोलण्यानंतर, इंग्लंडमधील एका घराच्या बागेत सापडून, २०२२ च्या मकरसंक्रांतीला भारतीय उच्चायुक्तालयाच्या स्वाधीन झाली.) "त्या गावात नेऊन ठेवल्या असत्या तर आज असत्या का?" असा त्यांचा प्रश्न होता.

मी त्यांना सांगितले, आणि आजही माझे मत तेच आहे, की दगड टिकवणे हे मोठे काम आहे आणि ते तुम्ही आमच्यापेक्षा चांगले करता. पण हा दगड ज्यामुळे केशव आहे ते तुमच्याकडे टिकत नाही. येथे त्याच्यापुढे कोणी गाऱ्हाणे घालत नाही, त्याच्या पालखीला खांदा लावण्याचा मान कोणाच्या घराण्याचा आहे हे येथे कोणाला विचारावेसे वाटत नाही, आणि तुमच्या पाटीवर ते लिहिताही येणार नाही. वस्तू देशात परत आली, राज्यात परत आली, एवढ्यावर आपण समाधान मानतो. नंतर २०२४ च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याला आली तेव्हाही 'परत आली' हाच शब्द सगळीकडे वापरला गेला, वास्तविक ती तीन वर्षांच्या मुदतीने पाहण्यासाठी आली होती. परत येणे म्हणजे जेथून गेले तेथे येणे. सुरक्षिततेची अडचण खरी आहे, तर ती गावात सोडवली पाहिजे. ती अडचण आहे म्हणून देवाने बाहेर राहावे हे बरोबर नाही. बाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तुमच्याकडचा तो तुकडा मला बघायचा आहे."

न्यायालयाने संयुक्त पाहणीचा आदेश दिला. मी आपल्या सवयीने बटर पेपर घेऊन तुकड्याच्या कडेचे ट्रेसिंग करून ठेवले होते आणि त्यावरून प्लास्टरचा साचा काढण्याच्या तयारीत होतो. संग्रहालयाच्या जतनतज्ज्ञांनी मला वेळीच थांबवले. ओले प्लास्टर दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून कायमचा डाग पडू शकतो. त्यांनी गावी येऊन, दंतवैद्य दातांचे माप घेण्यासाठी वापरतात तसल्या रबराने तुकड्याचा ठसा घेतला आणि त्यावरून हलकी प्रतिकृती केली. दगडाला हात न लावता केवळ मोजण्याचे काम मी जन्मभर केले, परंतु इतक्या नाजूक हातांनी काम करणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये पाहणी झाली. दोन्ही बाजूंचे वकील, न्यायालयाने नेमलेले तज्ज्ञ, पंच, अभिरक्षक बाई, गुरवकाका आणि मी. मूर्ती दालनातून आणून जाड स्पंजच्या गादीवर आडवी ठेवली होती. वस्त्राविना, हाराविना, आडवा पडलेला देव पाहून गुरवकाकांनी आधी खांद्यावरचे उपरणे काढून त्याच्या कमरेवर घातले. कोणी त्यांना अडवले नाही. मग जतनतज्ज्ञांनी प्रतिकृती दोन्ही हातांत धरून मूर्तीच्या तळाकडे सरकवली. एकदा अडली. त्यांनी ती नखभर फिरवली, आणि ती बसली. मधे पोस्टकार्डही गेले नसते. मूर्तीच्या तुटलेल्या तळावर पांढरी शीर होती; तिची जागा, जाडी आणि चढ मोजून गावातील तुकड्याच्या फोटोशी ताडून पाहिला गेला. दोन गावांच्या नकाशांत एकच ओढा शिवेवर तंतोतंत जुळावा तशी ती शीर एका दगडातून दुसऱ्यात जात होती. तज्ज्ञांनी पंचनाम्यात आकडे सांगितले, कारकुनाने ते टंकले. माझी सही करताना हात थरथरत होता हे मी कबूल करतो.

अंतिम आदेश व्हायला त्यानंतरही सव्वा वर्ष गेले. त्या काळाविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही; तारखा पडत होत्या आणि आम्ही जात होतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आदेश झाला. अटी कडक होत्या आणि रास्त होत्या: मूर्ती विकायची नाही, हलवायची नाही, मागितली तर हजर करायची; गाभाऱ्याला लोखंडी जाळीचे दार, कॅमेरे आणि रात्रपाळीचा राखणदार ठेवायचा; आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली तिची फोटोंसह नोंदणी करायची. शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्तीची नोंदणी करावी लागते हा नियम १९७६ पासून आहे आणि आमच्या गावात तो कोणाला माहीत नव्हता. खर्चाचा मोठा वाटा मुंबईच्या मंडळाने उचलला.

न्यायालयातील वाद संपला आणि गावातील सुरू झाला. पहिला प्रश्न होता की मूर्ती तुटलेली आहे, आणि खंडित मूर्तीची पूजा करू नये. यावर शास्त्र जाणणाऱ्या भटजींनी मूर्तीचे फोटो पाहून सांगितले की मस्तकापासून पावलांपर्यंत एकही अंग भंगलेले नाही, तूट पावलांखाली आसनात आहे, त्यामुळे शुद्धी आणि पुन्हा प्रतिष्ठा करून पूजेला अडचण नाही. दुसरा प्रश्न मला त्याहून अवघड वाटला. २००५ मध्ये बसवलेल्या नव्या मूर्तीचे काय करायचे? गावातील वीस वर्षांखालील प्रत्येक मुलाने तिच्यापुढेच हात जोडले होते. एक नवविवाहित मुलगा सभेत उठून म्हणाला की माझे वडील आजारी असताना मी या देवाला नवस बोललो, तो आता खोटा का? त्याला उत्तर देणे कोणालाही जमले नाही. अखेर ग्रामदेवीला कौल लावला. दोघांनीही राहावे असा उजवा कौल झाला. जुनी मूर्ती गाभाऱ्यात आपल्या जुन्या पीठावर आणि नवी मूर्ती तिच्या उजव्या हाताला स्वतंत्र आसनावर, असे ठरले, आणि तसेच आज आहे. नैवेद्य दोघांना दाखवतात.

मूर्ती संग्रहालयाच्याच लाकडी पेटीत, फोममध्ये घट्ट बसवून टेम्पोने आली. घाट उतरताना चालकाने गाडी इतकी हळू घेतली की मागे रांग लागली. वेशीवर ढोल होते, पालखी होती, सगळे होते. त्या गर्दीत मला लक्षात राहिले ते दुसऱ्या दिवशीचे, जलाधिवास आणि धान्याधिवास, म्हणजे मूर्ती पाण्यात आणि धान्यात ठेवण्याचे विधी, आटोपल्यावर मूर्ती पीठावर उतरवण्याचे काम. जतनतज्ज्ञ स्वतः आले होते. पुढे कधी काढता येईल असा पातळ लेप तुकड्यावर लावून त्यांनी मूर्ती पट्ट्यांनी तोलून खाली आणवली. ती बसताना आवाज झाला नाही. तळाशी केसाएवढी रेघ राहिली, तिच्यावरून पांढरी शीर सरळ वर गेली.

अभिषेकाबाबत अभिरक्षक बाईंचे म्हणणे गुरवकाकांनी सर्वांआधी मान्य केले. आता पंचामृत शाळिग्रामाला, आणि मूर्तीला फक्त स्वच्छ पाणी व मऊ फडके. मूर्तीच्या पाठीमागे, तळाजवळ, संग्रहालयाने पांढऱ्या रंगात नोंदणी क्रमांक लिहिलेला आहे. तो काढून द्यायची त्यांची तयारी होती. गुरवकाका म्हणाले, राहू दे, तिथंही त्याची सेवाच झाली आहे. संग्रहालयात त्या जागी आता फोटो आहे आणि पाटीवर केशव हे नाव आहे.

यंदापासून मी आसपासच्या देवळांत मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन जात आहे. मूर्तीचे चारही बाजूंचे फोटो, उंची-रुंदी, हातांतील आयुधे, जुन्या खुणा, टवके, पीठाची खाच असे सगळे टिपून एक प्रत देवस्थानाला आणि एक नोंदणीसाठी द्यायची, असे हे काम आहे. आतापर्यंत सात गावांत गेलो, त्यांपैकी पाच गावांनी देवाचा वस्त्राविना फोटो काढू द्यायला नकार दिला. सहाव्या गावात परवानगी मिळाली. सातव्या गावातील गुरवांनी अट घातली की फोटो ते स्वतः काढतील, पहाटे, स्नानानंतर वस्त्रे बदलताना, आणि त्या वेळी मी बाहेर थांबायचे. मी त्यांना कॅमेरा कसा धरायचा आणि मोजपट्टी कोठे ठेवायची हे दाखवले आणि सभामंडपात बसून राहिलो.